नवस फिटल्यावरची भाकरी

ऑफिसात नवीन लागलेल्या मुली डबा खाताना मला एकच प्रश्न विचारतात. भात-भाकरी सोडून वजन उतरतं का, आणि उतरलं तर उतरलेलं राहतं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. उतरतं. राहायला हवं असेल, तर जन्मभर सोडता येईल तेवढंच सोडा. एवढं सांगून मी डबा धुवायला उठते. याच्या पुढचं सांगायचं तर अक्काबद्दल सांगावं लागेल, आणि जेवणाची सुट्टी तेवढी मोठी नसते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कसबा बावड्यात दिलेली. घरचा ऊस, दारात म्हशी, आणि दोन्ही वेळेला बुट्टीभर भाकरी. मी मंगळवार पेठेत, नोकरी करणारी. घरातली डाळ संपायच्या आधी आणणारी, किल्ल्यांना चिठ्ठ्या लावणारी. आमच्या दोघींचं एका गोष्टीवरच जमायचं, ते म्हणजे माघातले खेटे. माघ महिन्यात पाच रविवार कोल्हापुरातली माणसं पायी जोतिबाच्या डोंगरावर जातात. अक्कानं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून एकही माघ चुकवला नव्हता. मी तिच्या सोबतीला जायची. देवाची ओढ तिला, मला तिच्या मागून चालण्याची. ती अनवाणी पुढं, मी पिशवी घेऊन मागं. घरात ती कधी मोकळी सापडायची नाही. त्या वाटेवर मात्र ती माझी एकटीची असायची.

चाळिशीनंतर तिचं अंग सुटलं. एका माघात गायमुखाजवळ, चढ सुरू व्हायच्या जागी, ती दगडावर बसली ती उठलीच नाही. कुणाच्या तरी जीपमधून तिला खाली आणलं. पुढचे दोन-तीन माघ ती दारात घागर घेऊन बसली आणि डोंगराकडं निघालेल्यांना पाणी देत राहिली. त्या रविवारी मी तिच्याकडं जात नसे. मला ते बघवत नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, गुडघा अजून वाचवण्यासारखा आहे, पण वजन उतरवा. अक्कानं त्यांना एकच विचारलं.

"जोतिबा चढीन का मी?"

"या वजनानं नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ती रिक्षात बसून गुडघा चोळत होती. मी मात्र कामाला लागले होते. त्या सुमारास कमी पिठाच्या आहाराची चर्चा आमच्याकडं नुकतीच पोहोचली होती. रविवारच्या पुरवणीत मी त्यावरचा लेख वाचला होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, करून बघा, पण मधनं-मधनं रक्त तपासून घ्या. मी एका पुठ्ठ्यावर दोन रकाने केले. बंद: भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ. चालेल: अंडी, मटण, दही, ताक, पालेभाज्या, वांगी, दोडका, मूठभर शेंगदाणे. पुठ्ठा तिच्या चुलीमागच्या भिंतीला लावला.

अक्कानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "ह्यात जेवण कुठाय?"

पहिला महिना वाया गेला. घरातल्या सगळ्यांच्या भाकरी तिनंच थापायच्या, तव्यावर फुगलेली बघायची, आणि स्वतः ताटात वांगं घेऊन बसायचं. मी एकदा अवचित गेले तर ती भाकरीचा पापुद्रा सोलून तोंडात टाकत होती.

"अक्का!"

"पापुद्रा काय भाकरी हाय व्हय?"

गुळाचंही तसंच. कारखाना सुरू झाला की अख्ख्या बावड्याला मळीचा वास, आणि शेजारच्या गुऱ्हाळातून हिच्याकडं काकवीचा तांब्या यायचा. "गूळ म्हंजे साखर न्हाय," ती मला बजावायची. "गूळ औषधात जातोय." दाजी, म्हणजे तिचा नवरा, बाहेर सोप्यात बसून टोमणे मारायचे. "पावणं, तुमच्या भनीला आता दावणीलाच बांधतो बगा. दोन म्हशी हाईतच, तिसरीला पाला टाकायला काय जड न्हाय." त्यावर अक्का आतून ओरडायची, "दूध मागू नगा मग!" सगळे हसायचे. वजनकाटा तिथल्या तिथं.

मग एक रविवार असा आला की मी गेले आणि ती पुठ्ठ्यासमोर पदर खोचून उभी होती. चेहरा वेगळा.

"काल देवाला सांगून टाकलं," ती म्हणाली. "पायानं वर येऊ दे. तवर भात-भाकरी तुझी. गूळबी तुझा. वर आलो की पुरणपोळीचा निवद दावतो आन् मगच तोंडात घालतो."

मला हसू आलं होतं. पण त्या दिवसापासून ती दगड झाली. पापुद्रा नाही, काकवीचं बोट नाही. नातलगांच्या लग्नात पंगतीला बसायची, आणि वाढणारे हट्टाला पेटायचे. आमच्याकडं आग्रहाला अंत नसतो. डॉक्टरनं सांगितलंय म्हटलं तर लोक दुप्पट वाढतात. अक्का नुसती ताटावर हात आडवा धरायची आणि म्हणायची, "देवाचं हाय." वाढप्याचा हात जागच्या जागी थांबायचा. ती ताकद माझ्या पुठ्ठ्यात नव्हती.

श्रावण अवघड गेला. मटण-अंडी बंद आणि उपासाचं म्हणून जे जे आपण खातो ते सगळं माझ्या बंदच्या रकान्यात. साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा. सोमवारी ती दही आणि शेंगदाण्यांवर राहायची. चक्कर आली तर मिठाचं ताक. मी रोज ऑफिसातून तिच्या शेजारच्या दुकानात फोन करून तिची चौकशी करायची, आणि दुकानदार माझं नाव न विचारताच हाक मारायचा, "ओ वैनी, भाकरीवाल्या बाईंचा फोन!"

तिच्या जोडीनं मीही सोडलं होतं. एकटीनं सोसायला लावणं बरं दिसत नव्हतं, आणि माझीही कंबर काही बारीक नव्हती. दर रविवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात एका ताटात जेवायचो. रविवार जोतिबाचा, म्हणून मटण नाही. वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा, घट्ट दही, मेथीची सुकी भाजी, मिरचीचा खर्डा. खर्डा खाल्ला की जिभेला भाकरीच आठवते. जळलेल्या जिभेवर दुसरं काही ठेवायला नसतं. आम्ही दोघी सू-सू करत एकमेकींकडं बघायचो.

"भाकरीचा वास आठव," ती सांगायची. "वासाला कुठं पीठ लागतंय?"

मंगळवार पेठेत संध्याकाळी घराघरांतून भाकरी थापण्याचा आवाज यायचा. मी खिडकी लावून घ्यायची. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, पण त्या वर्षी तो पोटात लागायचा. रात्री भूक नसायची, पोट भरलेलं असायचं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहायचं. ते काय हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

वजन उतरलं. चांगलं उतरलं. अक्कानं झंपर दोनदा आत घेतले. आधी ती घरामागच्या परड्यापर्यंत चालायची, मग कारखान्याच्या रस्त्यापर्यंत, दिवाळीनंतर नदीपर्यंत. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, आता हळूहळू थोडी ज्वारी सुरू करा, असं एकदम बंद किती दिवस चालवणार? अक्कानं मान हलवली. "माघ होऊ द्या." मीही तिचीच बाजू घेतली. कशाला मोडायचं चालू असलेलं?

माघातला पहिला रविवार. पहाटे आम्ही निघालो तेव्हा धुकं होतं. उसाच्या बैलगाड्या समोरून येत होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आधी आणि गाडी मागून. अक्का अनवाणी पुढं, मी पिशवी घेऊन मागं. तिच्या टाचांवरच्या भेगा इतक्या दिवसांनी पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर. कुशिरे गावाच्या अलीकडं उजाडलं. गायमुखाला ती त्याच दगडापाशी थांबली, जिथं पूर्वी बसली होती. बसली नाही. मी पिशवीतले शेंगदाणे काढले, आम्ही उभ्या उभ्या खाल्ले, पाणी प्यालो.

"चल," ती म्हणाली.

चढावर तिनं माझा हात धरला नाही. मी दोनदा पुढं केला. वरून "चांगभलं"चा गजर ऐकू यायला लागला तशी ती भरभर चालायला लागली. शेवटी मलाच ओरडावं लागलं, "अक्का, थांब की गं!" देवळाच्या पायरीवर पोहोचल्यावर तिनं हात जोडायच्या आधी गुडघ्यावरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

पाचही खेटे झाले. शेवटच्या रविवारी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मग तिनं एका पोळीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. गुलालाचे कण पडलेली ती अर्धी पोळी मी किती वेळ चघळत होते. इतकं गोड मला आधी कधी काही लागलं नव्हतं. नंतरही नाही.

पुढच्या रविवारी मी नवा पुठ्ठा घेऊन बावड्याला गेले. तीन रकाने केले होते. तिसरा होता थोडं थोडं सुरू करायचं त्याचा. एक वेळ चतकोर भाकरी, असं बरंच काही लिहिलं होतं. अक्का चुलीपुढं बसली होती. पुढ्यात गरम भाकरी, खर्डा, कांदा. एक संपवून दुसरी तव्यावरनं काढत होती. जुना पुठ्ठा भिंतीवरून उतरवून त्यानंच ती चुलीला वारा घालत होती.

"ये, बस. तुलाबी टाकतो."

"अक्का, हे काय?"

"काय म्हंजे? नवस फिटला की."

मी समजावलं. गुडघा अजून तोच आहे, वजन परत आलं तर तो पुन्हा बसेल, हे जन्मभराचं आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"जन्मभराचा नवस कोण बोलतंय बाय?" ती म्हणाली. "देवाचं घेतलेलं परत केलं. आता परत सोडायचं ते कुणाच्या नावानं सोडू?"

"स्वतःच्या नावानं सोड."

ती मोठ्यानं हसली. सोप्यातल्या दाजींना ऐकू जाईल असं हसली. "माझ्या नावानं? मग तर मी पयल्याच दिवशी खातो."

 मी तिच्यासमोर बसले. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि मी ती खाल्ली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं आणि ते खर्ड्याचं नव्हतं.

वजन एकदम आलं नाही. वर्षभरात निम्मं, मग सावकाश उरलेलं. पुढच्या माघात तिनं दोन खेटे केले, त्याच्या पुढच्यात एक. मग पुन्हा दारात घागर. माझं निम्म्याच्या वर टिकलं. मी माझ्या तिसऱ्या रकान्याप्रमाणं राहिले. दुपारी अर्धी भाकरी, रात्री भात नाही, चहात साखर नाही, सणाला सगळं. यात कुठला पराक्रम नाही, म्हणूनच बहुधा ते चाललं. मुलींना मी हेच सांगते. पण मला आतून जे वाटतं ते वेगळंच आहे. त्या वर्षी मी भाकरीसाठी झुरत होते. आता रोज भाकरी आहे, आणि मी त्या एका ताटातल्या भरतासाठी झुरते. आम्ही दोघी एकाच गोष्टीला मुकलो होतो, तेव्हा जितक्या जवळ होतो तितक्या पुढं कधी झालो नाही.

गेल्या माघात मी एकटीच चालत वर गेले. अक्का दाजींबरोबर जीपनं आली होती. देवळाच्या आवारात दीपमाळेजवळ पाय लांब करून बसली होती, बाजूला काठी. मी शेजारी टेकले. पिशवीत शेंगदाणे उरले होते. मी अजून दोघींचे घेते. तिनं हात पुढं केला.

"अक्का, परत बोल की नवस," मी म्हणाले. ठरवून नव्हे, तोंडातून निघून गेलं.

ती डोंगराखालच्या वाटेकडं बघत शेंगदाणे सोलत राहिली.

"एकदा मागून मिळालेलं परत मागायचं नसतंय," ती म्हणाली. मग विचारलं, "गायमुखाला पाणी हाय का गं?"

"हाय."

"आन् माझा दगूड?"

"हाय. त्यावर एक म्हातारी बसलीती."

"बसू दे," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले, गुडघ्यावर हात ठेवला. "आता पयल्यापास्नं सांग. घरातनं निगालीस, मग?"

मी सांगायला लागले. धुकं, बैलगाड्या, नदीवरचा पूल. मी क्रमानं सांगत होते, काही वगळत नव्हते. कुशिऱ्याच्या वळणाशी मी श्वास घ्यायला थांबले तर तिनं डोळे न उघडताच मला कोपर मारलं.

"दमलीस व्हय? चल, चढ राहिलाय अजून."