मी गुप्त गिऱ्हाईक झाले तेव्हा

"अहो बाई, चेक वटलेला नाही. नुसता कागद आहे हा. अडाणी माणसांच्या हातात फोन देतं कोण?"

महाडच्या बँकेतला साहेब ओरडत होता. आवाज असा, की तिकडं कशेडीच्या घाटात दरड सुटावी. रांगेतली पन्नास माणसं वळली. पन्नास नसतील, बारा असतील. पण अंगाला पाचशे डोळे टोचले. मी बारावी पास. ते कुणी विचारलं नाही.

झालं असं. फोनवर नोकरी आली. गुप्त गिऱ्हाईक व्हायचं. दुकानात साधी बाई म्हणून शिरायचं, मालक कसा बोलतो ते बघायचं, दहापैकी गुण द्यायचे. पगार नसता तरी मी गेले असते. सातवीत मी गणवेशाच्या कापडाला हात लावला, तेव्हा महाडच्या बाजारपेठेतला कापडवाला आईला म्हणाला होता, "डोंगरावरची ना तुम्ही? पोरीला लांब उभी कर, कापड मळंल." आई लांब उभी राहिली. मला घेऊन.

पहिली त्याच दुकानात शिरले. बाहेर येऊन त्याला शून्य दिलं. शून्य एवढं मोठं काढलं, की त्यातून एसटी वळावी. त्या दिवशी मी पोलादपूरपर्यंत हसत आले.

फोनवरचा माणूस मुंबईचा. आमच्यात अनोळखी माणसाला आधी विचारतात, कुठल्या वाडीचा. इथं त्यानंच मला विचारलं. मी वाडी सांगितली, देवी सांगितली, आमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाची खोली कुठं तेही सांगितलं. तो म्हणाला, "अगो, मग आपलीच हायस तू." माझंच मला परत दिलं त्यानं, आणि मी ओळख पटली म्हणून बसले.

मग त्याचा चेक आला, पंचवीस हजारांचा. बँकेत भरला. फोनवर आकडा दिसला. दिसणं वेगळं, वटणं वेगळं, हे मला कुठं ठाऊक. तो म्हणाला, पाच हजार तुझे. वीस हजारांची गिफ्ट कार्डं घे, दुकानदार कसा वागतो बघ, कार्डं खरवडून आकड्यांचा फोटो पाठव.

पाठवला. आकडे मिळाले की कार्डातले पैसे त्याचे. चेक खोटा, म्हणून खात्यातून गेले ते मंडळाचे पैसे. शिमग्याला पालखीचं नवं वस्त्र घ्यायला मुंबईच्या पोरांनी धाडलेले. वाडीनं माझ्याकडे ठेवलेले, शिकलेली म्हणून.

बँकेत साहेब ओरडत असतानाच त्या मुंबईवाल्याचा फोन आला. "अगो, चेक अडकलाय. पाच हजार भर, सुटंल."

मी म्हटलं, "तुझी वाडी कुठली, सांग."

फोन बंद.

मग साहेबाकडे वळले. "अडाणी म्हणू नका. मला फसवलंय. तक्रार कुठं द्यायची ते सांगा." त्यानं मान खाली घालून एका चिठ्ठीवर नंबर लिहिला. तक्रार दिली, माझ्या नावानं.

संध्याकाळी देवळात वाडी बसली. मी उभी राहिले, सगळं सांगितलं. रडले, पण थांबले नाय. "काम देणारा आपल्यालाच पैसे भरायला लावत नाय. चेक धाडून कार्डं घ्यायला सांगत नाय. हे मी वाडीवाडीत जाऊन सांगणार. हसा मला. पैसे मी भरीन. पण तोंड लपवणार नाय."

पालखीचा म्हातारा मानकरी जमिनीकडं बघत होता. म्हणाला,

"यंदा पालखी जुन्याच वस्त्रात नाचंल."