दारू सोडवायची गोळी

आमच्या घरात दारू कुणी पीत नाही. आमचे हे तर माळकरी. लहानपणी वडिलांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, ती आंघोळीलाही कधी निघाली नाही. बाहेर भजी खाताना हे आधी विचारून घेतात, या तेलात दुसरं काही तळलं नाही ना. तरीही मस्तगडच्या बाजारात ते बरीच वर्षं दारुडे म्हणून ओळखले जात, आणि ते माझ्यामुळं.

मला एक आजार आहे. केस विंचरले की आडवं व्हावं लागतं, असा. हौसेनं चार कपडे धुतले तर पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात जातात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. त्या नॉर्मल रिपोर्टांनी केला तेवढा अपमान माझा सासरच्यांनीही केला नाही. नणंद म्हणायची, "वहिनी, तुम्हाला काहीच न्हाई झालं. जरा फिरत जा." शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आजाराला नाव आहे, पण तो का होतो ते मलाही माहीत नाही. दारू सोडवायला देतात ती गोळी अगदी थोडी थोडी घेतली तर काहींना बरं वाटतं, तुम्हाला वाटेलच असं नाही. "बघायची का घेऊन?" असं मला विचारणारे ते पहिलेच डॉक्टर.

मला गुण आला. पळायला नाही लागले, पण भाकरी थापायची, खायची, ताट विसळायचं आणि मगच आडवं व्हायचं, इथपर्यंत आले. दारात पुन्हा रांगोळी काढली त्या दिवशी मी उंबऱ्यावर बसून रडले.

गोळी आणायला हे जात. औषधाच्या दुकानातले शेटजी इथलेच जुने मारवाडी, मनानं फार चांगले. गोळ्यांची पट्टी देताना हळूच म्हणायचे, "भैया, हिंमत सोडू नका. बराबर सुटते." एकदा ह्यांनी खरं सांगून पाहिलं, की गोळी बायकोसाठी आहे. शेटजींचा हात गल्ल्यावरच थांबला. "भाभीजी बी?" तेव्हापासून ह्यांनी ठरवलं, घरात दारुडा एकच बरा.

मागच्या वर्षी डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद करून मुलीकडं राहायला गेले. नव्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, ही गोळी या आजाराची नाहीच. ते खरंच होतं. मी विचारलं, मग या आजाराची कोणती? ते म्हणाले, तशी नाही. आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. शेटजींनीही हात जोडले. "आता नव्या चिठ्ठीशिवाय बिलकुल जमत न्हाई, भैया. दारू सोडवणाऱ्या केंद्रातून आणा, जल्दी देतो."

घरातली पट्टी संपली. हळूहळू रांगोळी गेली, मग ताट विसळणं गेलं, मग भाकरी ह्यांच्याकडं गेली. मला भीती वाटत होती. पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा एवढी वाटली नव्हती. तेव्हा काय जातंय ते माहीत नव्हतं.

एका सकाळी हे आंघोळ करून आले, तर गळा मोकळा. माळ देव्हाऱ्यात ठेवलेली.

"परतूरकडं एक केंद्र हाय म्हणं, दारू सोडवायचं. जाऊन येतो."

"आणि माळ?"

"माळ घालून गेलो तर दारुडा कोण म्हणंल?"

तिथं काय झालं ते ह्यांनीच नंतर सांगितलं. केंद्र एक महाराज चालवतात. त्यांनी विचारलं, कोणती पिता? हे म्हणाले, मिळंल ती. किती? पुरंल इतकी. महाराजांनी कपाळाला हात लावला, इतका हाताबाहेर गेलेला माणूस त्यांनी पाहिला नसावा. हे गोळीचं विचारत राहिले आणि महाराजांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणं नारळ फोडून, पुन्हा दारूला शिवणार नाही अशी सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावून, ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली.

संध्याकाळी हे दारात उभे, गळ्यात नवी माळ.

"गोळी?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"माळ घातल्यावर गोळी लागत न्हाई म्हणले."

मला हसू आलं, पण हसायलाही बळ लागतं. ह्यांनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यातली जुनी माळ गळ्यात घातली आणि परात घेऊन भाकरी करायला बसले. नवी माळ काढलीच नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कधी प्यालाच नाहीत. ती कशाला ठेवता?"

हे पीठ मळत राहिले. मग म्हणाले, "दारुड्याची गोळी तू घेतली अन् गुण तुला आल्ता ना? मंग दारुड्याची माळ मी घातली तर तुला का येऊ नये?"

अजून तरी आलेला नाही. हे रोज सकाळी चहा घेऊन येतात आणि कप देण्याआधी माझ्या तोंडाकडं बघतात. मी म्हणते, आज जरा बरं वाटतंय.