बाल्कनीत फेकलेली कढई

माझी लोखंडी कढई बाल्कनीत बर्फात पडली होती. कलेजीसकट. एक कान बर्फात रुतलेला, मसाला बर्फावर सांडलेला.

मी नुसती आंघोळीला गेले होते. स्टोव्ह बंद करून, कढईवर झाकण ठेवून. बाहेर येते तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, घरात मरणाची थंडी, आणि अनघाताई नाकाला स्कार्फ लावून किचनच्या दारात उभी.

"आधी तो स्टोव्ह पुसून काढ," ती म्हणाली. "बर्नरच्या खालीसुद्धा. ब्लीच घे."

मग आवाज जरा मऊ केला. "मी जज नाही करत हं तुला. तुमच्यात खातात, माहितेय मला. आडनावावरून नाही कळत, पण बाकी कळतंच गं."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सॉरी ताई."

पंचवीस वर्षांची बाई. केमिस्ट्रीत पीएचडी करायला सातासमुद्रापार आलेली. सॉरी ताई! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

स्टेट कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं, डोंगरांच्या मधोमध वसलेलं विद्यापीठाचं गाव. नवीन पोरं येणार म्हटलं की सीनियर मंडळी मेलिंग लिस्टवर अपार्टमेंटची जाहिरात टाकायची. मी येणार होते त्या वर्षी अनघाताईची होती. दोन पुणेरी-नागपुरी मुली, तिसरी हवी, प्युअर व्हेज. मी गावाकडच्या सायबर कॅफेत बसून उत्तर टाकलं. हो, मी व्हेज. दुसरी जागा नव्हती आणि विचारायला कुणी ओळखीचं नव्हतं. अनघाताई एअरपोर्टवर घ्यायला आली, पांघरूण दिलं, पहिल्या रात्री वरणभात वाढला. ते खोटं मग दीड वर्ष गिळत राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून माझं शरीर संपावर गेलं. लॅब तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीसबोर्ड वाचायचं नाटक करायचे, कारण छातीत श्वास मावत नव्हता. केसांचे पुंजके हातात यायचे. आणि बर्फ! स्टुडंट युनियनच्या इमारतीतल्या कोल्ड्रिंकच्या मशीनमधून ग्लास भरून बर्फ घ्यायचे आणि कडाकडा चावत बसायचे. बाहेर हिमवर्षाव, आणि मी आत बर्फ खातेय. वेड लागलं असं वाटायचं.

एक दिवस हातातून फ्लास्क सुटला आणि पाठोपाठ मीही खाली बसले. माझे प्रोफेसर चांगले होते, ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मार्चमध्ये कँडिडसी एक्झाम आहे, ती पास झालीस तरच पीएचडी पुढे चालू. फळ्यासमोर दोन तास उभं राहायचं असतं. जमणार नसेल तर सेमिस्टर सोड, घरी जा."

घरी जा. गेले असते तर परत कोण येऊ देणार होतं? आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी त्या दिवशी बसस्टॉपवर बसून ढसाढसा रडले. भीतीच तेवढी होती.

हेल्थ सेंटरमधल्या नर्सनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. "बर्फ चावतेस का?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला. माझ्या अंगावर काटा आला. माझी आई भाजकी माती खायची. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया खायच्या, पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या. आम्ही पोरं हसायचो. ते खूळ नव्हतं, रक्त नव्हतं त्यांच्या अंगात.

नर्स म्हणाली, लोह कमी असावं असं दिसतंय. रक्त तपासू, तोवर गोळ्या सुरू कर. मांस खातेस का?

मी म्हणाले, "नाही."

तिथे कोण ऐकत होतं? कुणीही नाही. तरी तोंडातून 'नाही'च निघालं. तिनं कागदावर व्हेजिटेरियन लिहिलं.

रिपोर्टमध्ये लोहच कमी निघालं. अनघाताईला कळल्यावर तिनं मला खरंच जपलं, हे मी नाकारत नाही. पालक आणला, बीट किसलं, खजूर, गूळ. रोज संध्याकाळी आलं घालून चहा करायची आणि कपाच्या बशीत माझी गोळी ठेवून आणायची. "घेतलीस का गं?" आमच्याकडे कुठलीही गोळी चहाबरोबरच घेतात. मीही घोटभर चहानं ती गिळायचे. पोट दगडासारखं व्हायचं, शी काळी. म्हणायचे, लागू पडतंय.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जिथल्या तिथे.

"गोळी कशी घेतेस?" नर्सनं विचारलं. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. चहा लोह अंगाला लागू देत नाही म्हणे. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायची, चहा दोन तास लांब. दोन महिने मी औषध घेत होते आणि चहानं ते वाया घालवत होते. मार्च तोंडावर आलेला.

मग तिनं कागद बघितला. "मांस खात नाहीस, ते धर्मामुळे की तुझ्या मनानं?"

जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "दोन्ही नाही. मी खाते. मी भितेय."

ती फक्त म्हणाली, "मग कलेजी खा."

बसनं सुपरमार्केटला गेले. चिकन लिव्हरचा डबा आणला. आईनं बॅगेत कोंबलेली लोखंडी कढई, दीड वर्षात पहिल्यांदा कागदातून सोडवली. कांदा, लसूण, तिखट. आमच्याकडे बाळंतिणीला देतात तशी. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. निवेपर्यंत आंघोळ करून येऊ म्हटलं.

पुढचं सांगितलंच आहे.

तर मी स्टोव्ह पुसत होते. गुडघ्यांवर बसून, नाकात ब्लीच. अनघाताई मागे उभी राहून बोट दाखवत होती, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. आमच्याच घरातली नागपूरची श्वेता लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कपाळ ओव्हनच्या दारावर आपटलं. तशीच फरशीवर बसले.

अनघाताई घाबरली. धावत चहा करून आणला. बशीत गोळीसुद्धा ठेवली होती.

"घे गं, बरं वाटेल. झालं गेलं विसरून जाऊ."

मी त्या कपाकडे बघितलं. हिनं मला प्रेमानं चहा पाजला. हिनंच माझं अन्न बर्फात फेकलं. आणि दोन्ही वेळा मी थँक्यू आणि सॉरी म्हणत राहिले. माझं रक्त काय नुसत्या चहानं आटलं होतं?

"चहा नको," मी म्हणाले.

"अगं, पण..."

"नको म्हटलं ना."

स्टोव्हला धरून उठले. बाल्कनीत गेले, अनवाणी. कढई उचलली. वरचा बर्फ झटकला, आत आणली आणि त्याच पुसलेल्या स्टोव्हवर ठेवली. बर्नर फुल केला. कडेची कलेजी चर्र झाली.

"हे काय चाललंय? आपलं ठरलं होतं," ती ओरडली.

"ते तुम्ही ठरवलं होतंत. मी घाबरून हो म्हणाले. घराच्या लीजवर माझीही सही आहे, अनघा."

ताई म्हटलं नाही. पुन्हा कधीच म्हटलं नाही.

वर लिंबू पिळलं. उभ्यानंच खाल्लं, कढईतूनच, हातानं. ती दार आपटून खोलीत गेली. मार्चपर्यंत रक्त भरेल की नाही, मला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हेल्थ सेंटरला फोन करून कागदावरचं व्हेजिटेरियन खोडायला लावलं.

उरलेल्या कलेजीच्या डब्यावर काळ्या मार्करनं माझं पूर्ण नाव लिहिलं. आमच्या वस्तीचं नावही लिहिलं. फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात, अनघाच्या ओल्या नारळाशेजारी तो ठेवला. आता तो डबा तिथेच राहील. कुणी हात लावून तर बघू दे.