अण्णांची पाठ आणि नवे शॉकअप

अण्णा कामावरून आले की चहासुद्धा नंतर, आधी फरशीवर पालथे पडायचे. मग मला हाक. मी सहा-सात वर्षांची, अंगाने हलकी, म्हणून हे काम माझ्याकडे. भिंतीला हात टेकून मी त्यांच्या पाठीवर चालायचे. कमरेच्या जरा वर एक जागा होती, तिथं टाच दाबली की ते म्हणायचे, "हां, तिथंच." आणि आई स्टोव्हपाशी बसून म्हणायची, "हळू गं, बाप हाय तो, जिना न्हाई."

अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीतल्या एका मालकाचा टेम्पो चालवायचे. भोसरी ते चाकण, चाकण ते पिंपरी, दिवसाला चार-पाच फेऱ्या. लोखंडी सुटे भाग, खोकी, कधी नव्या बिल्डिंगांच्या खिडक्यांच्या काचा. त्या टेम्पोचे शॉकअप कधीच मेलेले होते. खड्ड्यात गाडी उसळली की तिला आवरून धरते ती नळी म्हणजे शॉकअप. ती मेली की गाडी नुसत्या स्प्रिंगच्या पाट्यांवर नाचते, आणि तो सगळा नाच ड्रायव्हरच्या मणक्यात उतरतो. अण्णांनी सांगून पाहिलं. मालक म्हणाला, "गाडी चालतीय ना? मग?" एका खोलीत आम्ही पाच जण होतो आणि कमावणारी पाठ एकच, त्यामुळे तो "मग?" ऐकून घ्यावा लागला. मात्र काचेचा माल असला की बाकीचे ड्रायव्हर रिकामे बसले असले तरी मालक अण्णांचीच वाट बघायचा. त्यांच्या हातून एक काच तडकली नाही.

पुढे पाठच तडकली. मणक्याचं ऑपरेशन झालं, टेम्पो सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, हिंडाफिरा, बसा-उठा, पण धक्के नकोत.

तोवर मी ताथवड्याच्या कॉलेजातून मेकॅनिकल केलं होतं. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घराण्यांत मी पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या चाचणी विभागात नोकरी लागली. सगळं मार्गी लागलं, एक गोष्ट सोडून.

अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, खेडच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीवर राहते. शेवटचे सात किलोमीटर रस्ता म्हणायचा म्हणून म्हणायचा, आहेत सगळे दगड. आत्याचे गुडघे गेलेले, ती खाली उतरू शकत नाही. अण्णांना धक्के चालत नाहीत, ते वर चढू शकत नाहीत. लागोपाठ चार भाऊबीजा अशाच गेल्या. आतेभावाबरोबर साडी जायची. चौथ्या वर्षी आत्याचा फोन आला, "साडी पाठवतो, तोंड पाठवत न्हाई. भाऊ हाय का कुरियरवाला?"

अण्णा मोठ्यानं हसले. फोन ठेवल्यावर मात्र आईला त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. पुढच्या भाऊबीजेला अण्णा वाडीवर जाणार.

मी जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक मोठी फोर बाय फोर गाडी घेतली. उंच, दणकट, दगड चढणारी. तिचे मूळचे शॉकअप थकले होते. ते काढून बाहेरच्या बनावटीचे, गॅस भरलेले चार नवे बसवायचं मी ठरवलं. प्रत्येकाला एक गोल खुंटी, तिला आठ खटके. खुंटी फिरवू तशी गाडी मऊ किंवा ताठ; खटका जितका वरचा तितकी ताठ. मी कागदावर हिशेब मांडला. चढ, पाच माणसं, सामान. उत्तर आलं सहावा खटका.

पिंपरीतल्या गॅरेजचे मिस्त्री खुंटीकडे बघत म्हणाले, "ताई, सहावर रॅलीवाले ठेवतात. घरच्या माणसांना हाडं असतात."

"मी मेकॅनिकल केलंय, मिस्त्री."

"मग काय, फिरवा तुम्हीच," म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अण्णांना शेजारी बसवून गाडी चाकण–तळेगाव रस्त्यावर घातली. खड्ड्यांची परीक्षा घ्यायला दुसरा रस्ता शोधायची आपल्याकडे गरज नाही. चारेक किलोमीटर गेल्यावर विचारलं, "कसं वाटतंय?"

"चांगलं हाय."

"दुखतंय का?"

"न्हाई गं. झ्याक हाय."

मी खूश. घरी आल्यावर अण्णा जेवायला मांडी घालून बसेनात. भिंतीला टेकून उभ्यानं जेवले, वर म्हणाले, "बसून बसून कंटाळा आला." आई माझ्याकडे बघत होती. मला कळलं. पोरीनं एवढ्या हौसेनं केलंय, तर हा माणूस मरेल पण दुखतंय म्हणणार नाही. आणि यांनी खरं सांगितलं नाही, तर मी त्या खुंट्या फिरवू कशाच्या आधारावर?

दोन दिवस पाठीला शेक दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. अण्णांनी आपण होऊन सांगितलं, "झ्याक हाय."

मी म्हटलं, "तुमचं राहू द्या. मागं काचा भरल्यात असं समजा. दहा मोठ्या काचा. पोचतील?"

अण्णा वळून रिकाम्या मागच्या भागाकडे बघत राहिले. मग गाडीनं एक खड्डा घेतला.

"काचा?" ते म्हणाले. "ह्याच खड्ड्यात सगळ्या फुटल्या. पोरी, गाडी हाय का ओंडका? थांबव."

मी थांबवली. अण्णा उतरले, चाकाला लाथ मारून पाहिली. "हवा टम्म हाय, कमी कर. मागं वजन न्हाई तरी मागंबी फुडच्याएवढंच ताठ केलंस. कुणी शिकवलं तुला?"

"कॉलेजनं."

"त्यांनी कदी काच न्हेली न्हाई."

मग तासभर आम्ही तेच केलं. दोन खटके मागे, एक चक्कर. "अजून हालती." आणखी एक खटका मागे, पुन्हा चक्कर. "आता फुडचं बरं हाय, मागचं उडतंय." स्वतःच्या पाठीबद्दल एक शब्द नाही, पण त्या नसलेल्या काचांची त्यांना इतकी काळजी की मला हसू आवरेना. शेवटी पुढे तिसरा खटका, मागे दुसरा, टायरात हवा कमी. अण्णांनी वाटेतल्या दुकानातून तांदळाची दोन पोती घेऊन मागे टाकायला लावली. "वजन असलं की गाडी अदबीनं चालती. तांदूळ तुझ्या आत्याकडंच उतरवू."

परत येताना मी विचारलं, "काचा?"

"पोचल्या."

त्या रात्री ते मांडी घालून जेवले.

भाऊबीजेला सकाळीच निघालो. दगडांचा रस्ता लागला तशी आईनं मागून माझी सीट घट्ट धरली, आणि अण्णा टेम्पोत असल्यासारखे बोलायला लागले. "डावीकडनं घे. तो दगड चुकवू नको, चढव त्याच्यावर. आता सोड. हां." सात किलोमीटरला पाऊण तास लागला. मी एकदाही "दुखतंय का" विचारलं नाही.

आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती. गाडी बघून म्हणाली, "अगं बया, उतरायला शिडी आणलीया का?"

अण्णांनी दाराला धरलं, एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि कुणाचा हात न घेता तिच्यापर्यंत चालत गेले. तिनं बसूनच त्यांना ओवाळलं, मग भांडायला सुरुवात केली. दुपारभर दोघं भांडत होते.

चार भाऊबीजा चुकल्यावर माझे वडील पाचव्या भाऊबीजेला त्यांच्या बहिणीच्या घरी गेले, पंगतीत मांडी घालून जेवले आणि संध्याकाळी त्याच गाडीतून धड पाठीनं घरी परत आले.