फुकटचं कपाट

“पुन्हा पिरॅमिड! श्यामला, मी टीव्हीबद्दल बोलतोय, टीव्हीबद्दल.”

“आणि मी भिंतीबद्दल बोलतेय. सोमवारी बिल्डर येऊन खालची चिमणी फोडणार. तिच्या डोक्यावर काय उभं आहे, ते बघितलंय का कुणी?”

“काय असणार? वरच्या खोलीतली चिमणी!”

“तेच म्हणतेय. खालची काढली तर वरची कशावर राहणार? तुमच्या टीव्हीवर?”

जिन्यात बसून टोस्ट खाणारी त्यांची लेक कस्तुरी फिस्सकन हसली. ज्ञानेश्वर इंगळ्यांना ते आवडलं नाही. लीड्सच्या या जुन्या विटांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या फायरप्लेसचा, धूर वर नेणाऱ्या चिमणीचा जाड ठोकळा इतकी वर्षं नुसती जागा अडवून होता. तो गेला की भिंत सपाट होणार, तिच्यावर नवा चपटा टीव्ही लागणार आणि दिवाळीला मंडळातले सगळे तो बघणार, असं त्यांच्या मनात पक्कं झालं होतं.

श्यामलाबाई लग्न होऊन अकोल्याहून इथे आल्या आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागल्या. कशालाच पहिल्यांदा ‘हो’ न म्हणणारी बाई अशी त्यांची ख्याती. वांगी घेताना पेटीच्या तळातली उचलून बघायच्या. कुणाच्या मुलीला स्थळ आलं तर मुलाआधी त्याच्या आईची चौकशी करायच्या. घरात मात्र हा स्वभाव फारसा चालला नाही. घर, गाडी, कस्तुरीची शाळा, सगळं ज्ञानेश्वररावांनी ठरवलं आणि बाईंनी मागाहून शंका काढली. ज्ञानेश्वरराव त्यांना ‘अपील कोर्ट’ म्हणत. या कोर्टाचा निकाल मात्र कुणीच मानत नसे.

गेल्या सप्टेंबरात त्या कम्प्युटर शिकायला म्हणून संध्याकाळच्या कॉलेजात गेल्या. तो वर्ग भरला होता, जागा फक्त ‘प्राचीन इजिप्त’मध्ये होती. रांगेत उभं राहिलोच आहोत तर हात हलवत कशाला परतायचं, म्हणून त्यांनी नाव घातलं. आणि मग लागलाच नाद. पोळ्या लाटतानासुद्धा घरातल्यांना पिरॅमिड ऐकावे लागू लागले.

“राजाच्या खोलीच्या छतावर त्यांनी पाच ठेंगण्या पोकळ्या ठेवल्यात,” त्या आता सांगू लागल्या. “एकीवर एक. सगळ्यात वर दगडांचं उतरतं छप्पर. वरचं ओझं थेट खोलीवर येऊ नये म्हणून असेल, असं मानतात. खाली उभं राहिलं तर कळतसुद्धा नाही.”

“असेल! मानतात! म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही.”

“नाही ना. म्हणून तर बघतात. त्याच पिरॅमिडातल्या एका अरुंद बोगद्यात दगड आडवा आला होता. गेल्या वर्षी यंत्र पाठवून त्याला भोक पाडलं, आत कॅमेरा घातला.”

“मग? सोनं?”

“थोडी मोकळी जागा. आणि पलीकडे आणखी एक दगड.”

ज्ञानेश्वरराव खो खो हसले. “वा! चल, आपणही तुझ्या पिरॅमिडला भोक पाडू. आत विटा निघाल्या की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कबूल?”

“कबूल. पण विटा निघाल्या तर बिल्डरला आधी वरती न्यायचं.”

ते ड्रिल घेऊन वर कस्तुरीच्या खोलीत गेले, मागोमाग या दोघी. तिथे भिंतभर कपाट होतं. दोन्ही बाजूंना दारं, मधोमध न उघडणारं पॅनेल. त्यामागे चिमणी, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. पॅनेलला टेकून कस्तुरीचा पलंग. घर विकणाऱ्या मिसेस हार्टलीने ते कपाट जाताना तसंच ठेवलं होतं. ‘छोटी मुलगी आहे तुमची, राहू दे तिला,’ म्हणाली आणि पैसे घेईना. श्यामलाबाईंनी तिला डबाभर शिरा दिला होता. इंग्रज माणसं कोरडी असतात असं कुणी म्हटलं की या घरात मिसेस हार्टलीचं नाव निघे.

पलंग ओढून ज्ञानेश्वररावांनी ड्रिल लावलं. लाकूड पार झालं आणि ड्रिल मुठीपर्यंत आत घुसलं. ते पॅनेलवर आदळता आदळता राहिले.

“वीट लागली नाही,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“प्लास्टर असेल.”

“स्क्रू काढा.”

पॅनेल निघालं. कस्तुरीने टॉर्च धरला. आत काहीच नव्हतं. चिमणी असायला हवी तिथे माणूस उभा राहील एवढा रिकामा खण.

“बाबा, चिमणी कुठे गेली?”

श्यामलाबाईंनी तिच्या हातातला टॉर्च घेऊन वर मारला. वर विटा होत्या. लॉफ्टमधली चिमणी, छपरावरचं धुराडं, सगळं ओझं तिथे लटकलेलं, आणि त्याखाली आडव्या दोन फळ्या. शेल्फला लावतात तशा. एक मधोमध चिरलेली. खाली विटांच्या तुकड्यांचा ढीग. काही धुळीने करडे पडलेले, वरचे दोन लालभडक, नुकते पडल्यासारखे.

“म्हणजे खालच्या चिमणीवर काहीच नाही,” ज्ञानेश्वरराव म्हणाले. “खालची काढायला हरकत…”

“आई, माझं डोकं तिथे असतं.” कस्तुरी पलंगाकडे बोट दाखवत होती.

चिमणी भक्कम आहे असं धरूनच श्यामलाबाई भांडत होत्या. ती नसेलच, हे त्यांच्या शंकेखोर डोक्यातही आलं नव्हतं. या उशीला टेकून त्यांनी पोरीला गोष्टी सांगितल्या होत्या, गोवर आला तेव्हा रात्री काढल्या होत्या.

ज्ञानेश्वररावांनी पॅनेल उचललं. घाम पुसत हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, घाबरू नको. इतकी वर्षं राहिलंय ना? पलंग त्या भिंतीला घेऊ. हे परत लावून टाकू. एकदोन वर्षांत घर विकायचंच आहे. घेणारा कपाटामागे थोडाच बघणार?”

“तिनेही हेच केलं.”

“कुणी?”

“मिसेस हार्टलीने. भिंतभर कपाट कशाला बनवलं असेल? मधल्या भागालाच दार का नाही? तिला माहीत होतं, अहो. माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघून म्हणाली, राहू दे तिला.”

ज्ञानेश्वररावांचं तोंड उघडं राहिलं. “एवढी भली बाई…”

“आणि आता तुम्ही.”

पॅनेल त्यांच्या हातातच राहिलं. वरून थोडी माती झरली, तिघांनी वर पाहिलं. मग श्यामलाबाईंनी टॉर्च बंद केला.

“कस्तुरी, उशी आणि शाळेची बॅग घे. आजपासून आपण सुचेतामावशीकडे झोपणार, मी तिला फोन करतेय. सोमवारी बिल्डर आधी हे बघेल, टीव्हीचं नंतर. आणि घर विकताना, घेणाऱ्याला हे मी स्वतः सांगणार.”