रिकामी न झालेली गाडी

माझ्या आत्याला बाजारातले सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. नाव दलालांनी ठेवलेलं, अर्धं चेष्टेनं आणि अर्धं धाकानं. जुनी गाडी विकायला आली की आत्या मालकाशी एक अक्षर बोलायची नाही. बॉनेट उघडायला लावायची, इंजिन चालू करायला लावायची आणि हातभर लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं कानाला लावायची. डोळे मिटून पाच मिनिटं. मग म्हणायची, "गियरबॉक्स दुखतोय हिचा. आणि ही गाडी पाण्यात बुडाली होती, ते सांगणार होतात की विसरणार होतात?" मालकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

हे कसब तिला कुणी शिकवलं नव्हतं. आतोबा गेले तेव्हा यार्डात अकरा जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि आत्याला धड सायकलसुद्धा येत नव्हती. नातेवाइकांनी सांगितलं, सगळं विकून मोकळी हो. तिनं पहिली गाडी विकली ती आतोबांची स्वतःची. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं आणि खणात राहिलेला त्यांचा चष्मा तिच्या हातात ठेवून गेलं. त्या दिवसापासून तिनं रीतच पाडली. गाडी विकायला काढायच्या आधी ती स्वतःच्या हातानं रिकामी करायची. खण, मॅटखालची जागा, खुर्च्यांच्या फटी. टाचण्या, लहान मुलांचे मोजे, अर्धवट लिहिलेल्या याद्या, सगळं पत्र्याच्या पेटीत जायचं, गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावून. "जुना मालक पुरता उतरवायचा, मगच नवा बसवायचा," असं ती मला दर वेळी ऐकवायची. आणि एकतीस वर्षांत एकाही गाडीबद्दल ती कुणाशी खोटं बोलली नाही. दलाल तिच्यावर दात खाऊन असत, पण स्वतःच्या मुलीसाठी गाडी घ्यायची झाली की गुपचूप तिच्याकडेच येत.

मग मी मध्ये तोंड घातलं. मी तिचा भाचा, यार्डाची कागदपत्रं आणि इंटरनेटवरच्या जाहिराती बघणारा, म्हणून तिच्या भाषेत शहाण्या. तेव्हा इलेक्ट्रिक पिकअपची अशी हवा होती की नवी गाडी नोंदवून लोक वर्षभर वाट बघत होते, आणि जुनीसुद्धा जवळजवळ नव्याच्या भावात जात होती. एक गृहस्थ तशी पिकअप घेऊन आले. सासऱ्यांची आहे, आता चालवणारं कुणी नाही, एवढंच बोलले. मी आत्याच्या मागेच लागलो. तिनं दांडकं इथे लावलं, तिथे लावलं, खाली वाकून लावलं.

"ही बोलतच नाही रे शहाण्या. की माझे कान गेले?"

"आत्या, हिला इंजिनच नाही."

"मग हिला दुखतं कुठे, ते कसं कळायचं?"

घेतली तिनं, माझ्या शब्दावर. तीन महिन्यांत कंपन्यांनी नव्या गाड्यांचे भाव उतरवले आणि जुन्यांना कुत्रं विचारेना. गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. सुतार यायचा, हौद्यात फळ्या मावतील का ते वितीनं मोजायचा. जेवणाचे डबे पुरवणारी बाई यायची, दारं उघडमीट करून खूश व्हायची. पण जाता जाता सगळ्यांचा प्रश्न एकच. बॅटरी किती वर्षं टिकेल? मी कागदावरचे आकडे पुढे करायचो. त्यांना आकडे नको असायचे, डॉक्टरीणबाईंचा शब्द हवा असायचा. आणि आत्या खरं तेच सांगायची, "मला माहीत नाही." ते मान डोलवायचे आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन डिझेलची गाडी घ्यायचे.

महिनाअखेरीला यार्ड बंद व्हायचं होतं. जागा चार्जिंग स्टेशनसाठी गेली होती. मी त्यावर एकदाच हसलो, आत्यानं बघितल्यावर परत हसलो नाही. तिची इच्छा एवढीच होती की शेवटची गाडीसुद्धा खरं काय ते सांगून द्यायची आणि रिकाम्या यार्डाला कुलूप लावायचं. एकेक करत सगळ्या गेल्या. पिकअप तेवढी राहिली, आणि त्याच आठवड्यात ती जागी होते हे माझ्या लक्षात आलं.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. लख्ख ऊन. मी दारात चहा पीत उभा होतो. पिकअपचे मिटलेले आरसे आपोआप उघडले. दिवे एकदा लुकलुकले आणि आत पंखा सुरू झाला. मी जवळ गेलो. काचा बंद, आत कुणी नाही, किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर. माझ्या डोळ्यांदेखत चालकाची खुर्ची सावकाश मागे सरकत गेली, अगदी शेवटपर्यंत, एखाद्या उंच माणसाला पाय ठेवायला जागा करून द्यावी तशी. पाव तासानं सगळं बंद झालं. दुसऱ्या दिवशी चार दहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

काहीतरी सेटिंग असेल, असं मी स्वतःला समजावलं. आत्याला सांगितलं नाही, हा माझा गाढवपणा. त्याच आठवड्यात एका प्लंबरनं पिकअप घेतली, आणि तिसऱ्या दिवशी आणून उभी केली. एकतीस वर्षांत परत आलेली ती पहिली गाडी.

"डॉक्टरीणबाई, रागावू नका," तो म्हणाला. घाम पुसत होता. "मी खुर्चीत बसून डबा खात होतो. खुर्ची मला घेऊन मागे गेली. म्हटलं बटण दाबलं गेलं असेल. पुढे घेतली, तर पुन्हा मागे गेली. मी बसलोय हे तिला कळत होतं, पण ती माझ्यासाठी सरकत नव्हती हो."

आत्यानं मुकाट्यानं त्याचे पैसे परत केले. बाजारात बातमी पसरायला कितीसा वेळ! दलाल फाटकाशी थांबून विचारायला लागले, "काय डॉक्टरीणबाई, पेशंटला भूत लागलंय म्हणे?" एरवी तिनं एकेकाची सालटी काढली असती. आता ती गप्प राहायची. मला म्हणाली, "बोलू देत. पण गाडीत काही नाही, असं आता मी कुठल्या तोंडानं सांगू?" तिचा चेहरा इतका उतरलेला मी आतोबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला ती स्वतः पिकअपमध्ये जाऊन बसली. मला शेजारी बसवलं. आम्ही दोघं घामानं निथळत समोर बघत होतो. चार दहाला आरसे उघडले. गार वारा आला. समोरच्या पडद्यावर एकच शब्द उमटला, 'बाबा'. आणि खुर्ची आत्याला घेऊन मागे निघाली. आत्या ठेंगणी, तिचे पाय पेडलवरून सुटून लोंबकळायला लागले.

"कोण आहे?" तिनं हळूच विचारलं.

मग तिनं काय केलं, तर बटण दाबून खिडकीची काच वीतभर खाली घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मिनिटभर काही झालं नाही. मग काच आपली आपण वर गेली. आत्यानं पुन्हा उघडली. थोड्या वेळानं ती पुन्हा बंद झाली, हळू, न चिडता. मी दार उघडायला हात नेला. आत्या मात्र माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शहाण्या, मी ही रिकामीच केली नाही रे. कुणीतरी आत राहिलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खण आम्ही उपसले, मॅट झटकल्या, पण या गाडीचा मालक पडद्यामागे नोंदलेला असतो, आणि ती नोंद कुणी पुसलीच नव्हती. जुन्या मालकाच्या घरातला एखादा फोन अजून या पिकअपला जोडलेला होता. तिथून ती दिसत होती, गार करता येत होती, काच लावता येत होती, आणि खुर्ची जुन्या मालकाच्या मापाला आपोआप सरकत होती. मी त्या गृहस्थांचा नंबर लावला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. मी पिकअपचं नाव काढताच ती म्हणाली, "खिडकी उघडी राहिली होती ना आज? धूळ जाते आत. बाबांना चालत नाही."

मग तिनंच सांगितलं. वडील कुंपणं घालायचं काम करायचे. हृदय नाजूक, तापलेल्या गाडीत बसायचं नाही अशी ताकीद. सव्वाचारला त्यांची सुट्टी व्हायची, म्हणून ही ऑफिसातून चार दहाला फोनवरूनच गाडी गार करून ठेवायची. "त्या दिवशीही केली होती. गाडी गार होती. तेच गाडीपर्यंत पोचले नाहीत." मग ती म्हणाली, "मला वेड लागलेलं नाही. ते नाहीत, हे कळतं मला. पण चार वाजले की हात जातो."

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "माझ्या नवऱ्याची गाडी मी विकली ना, तर वर्षभर रस्त्यावर तोच नंबर शोधत फिरत होते," ती म्हणाली. "गाडीतलं ते नाव तूच पुसतेस का बाळा?"

"मला नाही जमणार. तुम्ही पुसा. फक्त उद्याचे चार दहा होऊ देत."

आत्यानं ते कबूल केलं. गिऱ्हाईकही दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळालं, रोपवाटिका चालवणारी एक दांडगी बाई. आत्यानं तिला सगळं सांगितलं, बॅटरीचं माहीत नाही हेसुद्धा. बाई म्हणाली, "मला रोज वीस किलोमीटर रोपं न्यायचीत, जगभर फिरायचं नाही. आणि भूत उरलं असेल तर त्याला झारी देईन हातात." पिकअप ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला नेणार होती.

त्या दिवशी चार दहाला आत्या एकटी आत बसली. आरसे उघडले, खुर्ची मागे गेली, पाव तास गार वारा वाहिला. तो थांबल्यावर तिनं मला खुणेनं बोलावलं. पडद्यावर प्रश्न होता, आधीचा मालक काढून टाकायचा का? "दाब," ती म्हणाली. मी दाबलं. 'बाबा' गेलं. आत्यानं गाडीच्या नंबराची चिठ्ठी लिहिली आणि नुसती चिठ्ठीच पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी यार्डात पिकअपशिवाय काही नव्हतं. मी ती फाटकाशी घ्यायला गेलो, तर स्टिअरिंगला हात लावताच चटका बसला. भर उन्हात दिवसभर उभी. घड्याळात चार दहा झाले. आरसे मिटलेलेच राहिले. आणि ऑफिसात फोन वाजला.

आत्यानं उचलला. हल्ली ती फोनचा आवाज मोठा करूनच बोलायची, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आज फार ऊन आहे," बाबांची मुलगी म्हणाली. "गाडी तापली असेल ना?"

आत्यानं दारातून पिकअपकडे बघितलं. मी तिथेच उभा होतो, पोळलेला हात चोळत.

"नाही गं," आत्या म्हणाली. "आत्ताच बसून आले मी. गार आहे अगदी."

फोन ठेवून ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता त्या भट्टीत चढून बसली. खुर्ची अजून मागेच होती. मी पंखा लावायला हात पुढे केला.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि पाय लोंबकळत ठेवून तिनं डोळे मिटले. "पाच मिनिटं."