माझ्या सुनेचं अपील

आमच्या ब्राह्मणपुरीत सुना गाडी चालवायला लागल्या, ही काही फार जुनी गोष्ट नाही. माझी सून चालवते, आणि छान चालवते. गावातल्या शाळेला मुलांची ने-आण करायला व्हॅन चालवणारी बाई हवी होती. मुख्याध्यापकांनी तिला शब्द दिला आणि तेवढ्यात हे लचांड मागे लागलं.

प्रकाशा गावाच्या रस्त्यावर आमच्या घरच्या गाडीत तिला पोलिसांनी अडवलं, विम्याचा कागद मागितला. विमा होता हो, वेळेवर भरलेला होता! पण आमच्या ह्यांची सवय अशी, की घरातला प्रत्येक कागद शेताच्या उताऱ्यांसोबत कपाटात, कुलपात. केस झाली. कोर्टाची तारीख आली तेव्हा हे म्हणाले, सुनेला एकटी कशी पाठवायची? कागद पिशवीत घालून पहिल्याच बाकावर जाऊन बसले.

आता आमच्यात सून सासऱ्यांसमोर बोलत नाही. काही असलं तर मला सांगते, मी त्यांना सांगते. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "विम्याशिवाय गाडी चालवली, गुन्हा कबूल आहे का?" हिने पदर पुढे ओढला आणि मान हलवून मोकळी झाली. झालं! कबुली लिहिली गेली, दंड झाला, पुढच्या माणसाचा पुकारा झाला. ह्यांची पिशवी मांडीवरच राहिली.

दंड भरला. पण शाळेवाले म्हणाले, बिनाविम्याची गाडी चालवल्याची शिक्षा झालेली, मुलं कशी सोपवायची? त्यांचंही बरोबरच म्हणा.

घरी मी विचारलं, "तू मान काबर हालाई?"

"मामा बठेल व्हतात ना समोर," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

मी तिला घेऊन वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कबुली दिली की अपील अवघड असतं, मावशी. पण ही एक शब्द बोललेली नाही. तिला प्रश्न समजला का, हेही कुणी विचारलेलं नाही. तेच मांडू." त्यांनी मांडलं, आणि वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द करून सांगितलं, हिला पुन्हा नीट विचारा.

पुन्हा तेच कोर्ट, आणि हे पुन्हा पहिल्या बाकावर! मी कानाशी लागले, "उठा, बाहेर च्या पी या."

"आते च्या? मी काय करं?"

"तुम्ही बठेल ऱ्हायनात ते ती तोंड उघडस का?"

पुटपुटत उठले. पण जाताना पिशवी माझ्याकडे नाही, थेट सुनेच्या हातात दिली.

साहेबांनी प्रश्न विचारला. पदर डोक्यावर होताच, पण आवाज कसा खणखणीत! "नही साहेब, मन्हा गुन्हा नही शे. गाडीना इमा शे, हाऊ देखा."

कागद तपासायला आणखी तारखा गेल्या, पण ती सुटली.

ती बोलली त्या दिवशी मी बाहेर आले तर हे खिडकीलाच टेकून उभे. चहा कसला पितात! मला म्हणाले, "तिना आवाज आठेलोंग उना." पार खिडकीबाहेर ऐकू आला म्हणे!

"मग तिलेच सांगा ना," मी म्हटलं.

तेव्हा नाहीच सांगितलं. पण आता सकाळी ती शाळेची व्हॅन काढते तेव्हा हे फाटकाशी उभे असतात. "सावकाश जाय, बेटा," म्हणतात. आणि ती काच खाली करून म्हणते, "हा, मामा."